उजव्या पंखावरचा डाग

सातपूरला आमचं रंगाचं दुकान आहे. काउंटरच्या वर, पंख्याचा वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात, नायलॉनच्या दोऱ्याने एक लहान विमान टांगलेलं आहे. जुन्या काळचं, नाकावर पंखा असलेलं लढाऊ विमान. वरून हिरवे आणि तपकिरी पट्टे, पोटाला फिकट राखाडी. उजव्या पंखावर, हिरव्या पट्ट्याच्या मधोमध अंगठ्याच्या नखाएवढा तपकिरी डाग आहे. दुकानात येणारे पेंटर मान वर करतात आणि हमखास म्हणतात, "वहिनी, इथे चुकलंय." मी म्हणते, "असू दे." लोकांच्या भिंतींचे रंग जुळवून देणारी बाई स्वतःच्या डोक्यावर चुकीचा रंग टांगून ठेवते याचं त्यांना नवल वाटतं. वाटू दे.

रंग जुळवणं हे दुकानातलं माझं काम. माल, उधारी, टेम्पो हे सगळं नवरा बघतो. लोक भिंतीचा पोपडा कागदात बांधून आणतात आणि म्हणतात, हाच रंग पाहिजे. आमच्याकडे मशीन आहे, पण मशीन जवळपासचं काहीतरी सांगतं, आणि जवळपासचा रंग भिंतीवर गेला की ठिगळ दिसतं. म्हणून शेवटचे थेंब माझे. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मी रंगाचं बोट ओढते, हेअर ड्रायरने सुकवते आणि दाराशी उजेडात नेऊन पोपड्याशेजारी धरते. ट्यूबलाइटखाली बघायचं नाही. ओल्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही, सुकल्यावर तो बदलतो. माझा मुलगा हे ऐकत ऐकतच मोठा झाला. इतर घरांत आया पाढे म्हणून घेतात, मी हे म्हणून घेतलं.

त्याला विमानांचं वेड लहानपणापासून. ओझरच्या विमानतळाच्या बाजूने आवाज आला की हातातला घास टाकून गच्चीवर. बारावी झाली आणि त्याने जाहीर केलं की पायलट व्हायचं, दुसरं काही नाही. नवऱ्याने फ्लाइंग स्कूलची चौकशी केली. प्रवेशाआधी डॉक्टरांची तपासणी असते, तिची तारीख मिळाली. मधल्या दिवसांत हात रिकामे नकोत म्हणून नवऱ्याने मुंबईहून त्याला या विमानाचं किट आणून दिलं. सगळे भाग राखाडी प्लॅस्टिकचे. सोबतच्या कागदावर रंगांबद्दल इतकंच लिहिलेलं, की वरून गडद हिरवा आणि गडद मातकट.

आता गडद हिरवा म्हणजे कोणता? माझ्याकडे गडद हिरवे सतरा प्रकारचे आहेत. जुने फोटो सगळे काळे-पांढरे. इंटरनेटवर या एका हिरव्यावरून म्हातारी माणसं एकमेकांच्या उरावर बसलेली. मला खरं तर विमानाशी काही देणंघेणं नव्हतं, पण एकदा रंग डोक्यात शिरला की मी सोडत नाही. शेवटी देवळाली कॅम्पच्या बाजारातल्या ओळखीच्या भंगारवाल्याने अ‍ॅल्युमिनियमचं एक झाकण काढून दिलं. "भाभी, लय पुराना माल है. विमानाचंच आहे, घेऊन जा." विमानाचं होतं की नाही देव जाणे. पण कडेने रिव्हेट होते, मधून हिरवा आणि तपकिरी एकमेकांना भिडलेले होते, आणि कोपऱ्यात एक छोटी धातूची पट्टी ठोकलेली होती. उघडा रंग उन्हाने मेलेला. हिरवा करडा पडलेला, तपकिरीवर गुलाबी झाक आलेली. मी ती पट्टी हळूच उचकटली. तिच्याखाली ऊन कधी पोचलंच नव्हतं. तिथे दोन्ही रंग काल लावल्यासारखे होते. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला फोन करून टेम्पोतून परत बोलावलं.

त्या दिवशी मी आणि मुलगा दाराशी स्टुलावर बसून हिरवा जुळवत होतो. मी चार पत्रिकांवर चार हिरवे ओढले, फिक्याकडून गडदाकडे, आणि विचारलं, "कोणता?" त्याने झाकण धरलं, डोळे बारीक केले आणि तिसरा उचलला. बरोबर होता. माझा ऊर भरून आला. म्हटलं, पायलट नाही झाला तरी दुकान सांभाळेल. तो फिकं-गडद बघून उचलतोय, रंग बघून नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मग दोन्ही रंगांत मी किंचित पांढरा घातला, कारण लहान वस्तूवर खरा रंग काळवंडून दिसतो, आणि दोन छोट्या बाटल्या भरून त्याला दिल्या. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला घरी गेले तर तो खिडकीशी टेबलावर विमान रंगवत बसला होता. पट्टे छान वळणावळणाने काढले होते. मी कौतुक करायला वाकले आणि उजव्या पंखावर तो डाग दिसला. हिरव्याच्या मधोमध तपकिरी. मला वाटलं थट्टा करतोय.

"हे काय रे?"

"काय?"

"हा तपकिरी. हिरव्यात कशाला लावलास?"

तो पंखाकडे बघत राहिला. मग अगदी सहज म्हणाला, "अजून ओला आहे ना. सुकला की येईल."

माझं शिकवलेलंच वाक्य. पण हात लावून बघितलं तर रंग खडखडीत सुकलेला. टेबलावर दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी होत्या आणि थिनरच्या फडक्याने चिठ्ठ्या पुसून गेल्या होत्या.  मी स्वयंपाकघरात गेले आणि कुकर उघडायचा सोडून ओट्याला धरून उभी राहिले.

माझ्या वडिलांना, अण्णांना, हिरवा आणि लाल, हिरवा आणि तपकिरी यांत फरक दिसायचा नाही. चांदवडला शाळामास्तर होते. बाजारातून टोमॅटो आणले की निम्मे कच्चे निघायचे आणि आई त्यांना घाऊक नावं ठेवायची. ते हसायचे. आम्हीही हसायचो. बारावीच्या जीवशास्त्रात मी वाचलं, की हे बापाकडून मुलीकडे येतं, तिला काही होत नाही, पण तिच्या हातून पुढे मुलाकडे जाऊ शकतं. तेव्हा ते परीक्षेपुरतं होतं. मुलगा झाल्यावर आठवलं. तो तीन वर्षांचा असताना मी खडू घेऊन बसले. पान हिरवं, खोड चॉकलेटी, फूल लाल, सगळं त्याने धडाधड काढलं. मी सुटकेचा श्वास टाकला आणि विषय मिटवला. पान हिरवं असतं आणि हिरवा खडू डबीत कुठे असतो हे त्याला पाठ होतं, एवढाच त्याचा अर्थ होता.

आणि टोमॅटोवर हसणाऱ्या मला एक गोष्ट ठाऊक होती जी घरात कुणालाच ठाऊक नव्हती. मी लहान होते. अण्णांच्या स्कूटरवर मागे बसून आम्ही लासलगावच्या बाजूला निघालो होतो. वाटेत एक रेल्वे फाटक होतं. दांड्याची दुरुस्ती चालली होती म्हणून फाटकवाला स्वतः रस्त्याच्या कडेला लाल झेंडा धरून उभा होता. त्याच्या मागे हिरवंगार शेत. मला झेंडा लांबूनच दिसला. अण्णा थांबतील असं मी धरून चालले. ते थांबले नाहीत. फाटकवाला ओरडला तोवर आमची चाकं रुळांवर खडखडत होती, आणि मी उजवीकडे बघितलं तर इंजिन इतकं जवळ होतं की पुढच्या काचेतला माणूस दिसला. आम्ही पलीकडे गेलो. गाडीचा वारा माझ्या पाठीवर बसला. अण्णांनी स्कूटर उभी केली आणि ते रस्त्याच्या कडेला धुळीत बसले. मग म्हणाले, "झेंडा होता?"

"लाल होता, अण्णा."

"घरी सांगू नको," एवढंच म्हणाले. मी कधीच सांगितलं नाही. आजही नाशिकरोडला गाडीची शिट्टी ऐकली की माझी पाठ गार पडते.

तर ओट्याला धरून मी उभी होते आणि मला तो वारा पुन्हा पाठीवर जाणवत होता.

खात्री करून घ्यायची तरी भीती, न करावी तरी भीती. दोन दिवस तसेच गेले. मग मला जमतं ते केलं. दुकानात बसून एक हिरवा आणि एक तपकिरी असे बनवले की दोन्हींचा गडदपणा तंतोतंत एक. फोटो काळा-पांढरा करून मोबाइलवर बघितलं आणि दोन्ही तुकडे एकसारखे राखाडी दिसेपर्यंत थेंब थेंब घालत राहिले. मोबाइलबाहेर ते कुणालाही वेगळे ओळखू आले असते. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "एक हिरवा, एक तपकिरी. मला काय आंधळा समजलीस?" मी पत्रिकांचे ते दोन तुकडे घरी नेले आणि मुलासमोर ठेवले.

"यातला झाकणावरचा हिरवा कोणता?"

त्याने दोन्ही उचलले. खिडकीशी नेले. तिरपे धरले. नखाने खरवडले. नाकाशी नेऊन वास घेतला. अण्णा टोमॅटोचा असाच वास घ्यायचे. मग तो हसला.

"फसवतेस. दोन्ही एकच आहेत."

मी हसले नाही. माझ्या तोंडाकडे बघून त्याचंही हसू गेलं. त्याने तुकडे खाली ठेवले आणि म्हणाला, "मला माहितीय, आई."

त्याला शाळेपासूनच माहीत होतं. भूगोलाच्या नकाशात सगळी मुलं जंगल आणि पठार वेगळं दाखवत होती तेव्हाच. मला का सांगितलं नाहीस म्हटलं तर म्हणाला, "तुला काय सांगणार? तू दिवसभर तेच करतेस." आणि मग, मला धीर द्यायला म्हणून, त्याने तपासणीचं सांगितलं. डॉक्टरांकडे रंगांची तपासणी करतात ती एका पुस्तकावर. ठिपक्याठिपक्यांची पानं असतात आणि ठिपक्यांत आकडा लपलेला असतो. नीट डोळ्यांना तो दिसतो, त्याच्यासारख्यांना नाही. "पण मला सगळी पानं पाठ आहेत. मोबाइलवर मिळतात. आकडा नाही दिसला तरी कडेचे ठिपके बघून पान ओळखतो. तू काळजी करू नको."

तोपर्यंत मी घाबरत होते की तो नापास होईल. त्या क्षणापासून मला भीती वाटू लागली की तो पास होईल.

मला विमानातलं काही कळत नाही. पण धावपट्टीला दिवे असतात, त्यांत लाल असतात, हिरवे असतात, हे मलाही कळतं. आणि विमान थांबवून, स्टँडवर लावून, रस्त्याच्या कडेला बसता येत नाही. दुकानात एका बाईच्या देवघराचा रंग मी तीनदा चुकवला. सिग्नलला उभी राहिले की मी लाल दिव्याकडे बघत राहायचे, मागचे हॉर्न वाजवून बेजार व्हायचे. 

नवऱ्याला सांगितलं. त्याने उधारीची वही मिटली. मग म्हणाला, "पुढे अजून तपासण्या असतात. असेल काही तर ते पकडतील."

"आणि नाही पकडलं तर?"

"तू सांगणार आहेस का डॉक्टरांना? पोटच्या पोराबद्दल?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "मला नाही होणार ते."

मला तरी कुठे होणार होतं? मग मी मुलालाच सांगायचं ठरवलं. समोर बसवून फाटकाची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच कुणाला तरी. झेंडा, हिरवं शेत, काचेतला माणूस, पाठीवरचा वारा, सगळं.  त्याने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "आजोबा पोचलेच ना पलीकडे?"

मी त्याच्या थोबाडीत मारली असती. त्याऐवजी उठून गॅसवरचं दूध उतरवलं. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलू लागला. विमान टेबलावर तसंच अर्धवट पडलं. ते पुसू नये, आवरू नये, त्याच्याकडे बघू नये, असं घरात आपोआप ठरून गेलं.

तपासणीच्या दिवशी नवरा म्हणाला, मला माल उतरवून घ्यायचाय. त्याला यायचं नव्हतं हे उघड होतं. मी मुलाला माझ्या स्कूटरवर घेऊन गेले. निघताना ते दोन पत्रिकांचे तुकडे पर्समध्ये टाकले. का टाकले ते मी स्वतःलाही विचारलं नाही. गंगापूर रोडवर त्या डॉक्टरांचा दवाखाना. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. त्याने नवा शर्ट घातला होता आणि त्याचा पाय सारखा हलत होता. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी हलायचा तसाच.

वजन, रक्तदाब, कान हे सगळं आधी झालं. मग डोळ्यांसाठी पुन्हा आत बोलावलं. तो उठला. मी हळू आवाजात म्हटलं, "तू खरं नाही बोललास तर मी आत येऊन सांगेन."

"सांग," तो म्हणाला आणि आत गेला. दार लागलं.

आतलं काही ऐकू येत नव्हतं. भिंतीला फिकट निळा ऑइलपेंट होता, खालच्या बाजूला दोनदा मारलेला, आणि दुसऱ्या वेळचा जुळला नव्हता. मी त्या सांध्याकडे बघत बसले. आत तो आता पानामागून पान सांगत असेल. मधेच अडेल, म्हणजे खरं वाटावं. तो हुशार आहे, त्याला ते सुचेल. डॉक्टर मान डोलावतील, शिक्का मारतील. मग एक दिवस तो कुठल्या तरी गावाच्या वर असेल, खाली अंधार, पाऊस, आणि त्याला जे दिसायला हवं ते दिसणार नाही. त्याच्या मागे माणसं बसलेली असतील. त्यांना सगळ्यांना वाटत असेल की पुढच्याला दिसतंय.

उठले तर मुलगा जन्मभर तोंड बघणार नाही हे मला स्पष्ट दिसत होतं. बसून राहिले तर काय होईल तेही दिसत होतं. दोन्हींची सारखीच भीती वाटत होती. फाटकापाशी मला झेंडा दिसला होता आणि मी मोठ्या माणसाला काय सांगायचं म्हणून गप्प बसले होते. एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी उठले. पर्समधून दोन्ही तुकडे काढले आणि दाराची कडी धरली.

दार आतून उघडलं.

तो समोर उभा होता. डोळे लाल झाले होते, पण रडत नव्हता. त्याच्या मागे डॉक्टर खुर्चीत बसले होते आणि टेबलावर ते पुस्तक मिटलेलं होतं.

"मीच सांगितलं," तो म्हणाला. "पुस्तक उघडायच्या आधीच. आजोबांच्या मागे तू बसली होतीस ना, ते डोक्यातून जातच नव्हतं."

मला त्याला जवळ घ्यायचं होतं. पण तो माझ्या हाताकडे बघत होता. एक हात कडीवर, दुसऱ्यात पत्रिकेचे दोन तुकडे, हिरवा आणि तपकिरी. त्याला ते एकसारखेच दिसत असणार, पण ते कशासाठी आणलेत हे त्याला बरोबर दिसलं.

"तू येतच होतीस," तो म्हणाला.

"हो."

"एक मिनिट थांबायचं ना, आई."

मी तुकडे पर्समध्ये परत टाकले.  पुढे त्याने विमान स्वतःच पुरं केलं, राखाडी पोट रंगवलं, दोरा बांधला आणि एका सकाळी दुकानात आणून टांगलं. डाग तसाच ठेवला. मीही त्याला हात लावला नाही. पेंटर लोकांना मी काय सांगणार?

त्या दिवशी दवाखान्यातून निघालो तेव्हा स्कूटर मीच चालवत होते. माझ्या मागे बसला की तो नेहमी माझ्या उजव्या खांद्यावर हात ठेवतो, शाळेत जायचा तेव्हापासून. त्या दिवशी मागची कडी धरून बसला. कॉलेज रोडचा सिग्नल लागला, लाल होता, मी थांबले. सुटल्यावर पुन्हा निघाले. घरापर्यंत मी उजवा खांदा जरा वरच धरून ठेवला होता.